एक्केचाळीस नंबर

१२ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू नुसतं हं, हं करतोस आणि शेवटी जेवलीस का विचारून ठेवून देतोस, म्हणून पत्र लिहिते आहे. वहिनीने मला रिपोर्ट वाचून दाखवला. मनगटाच्या वरची जी गाठ तू चार महिने मुरगळलं असेल म्हणून अंगावर काढलीस, ती कॅन्सरची निघाली आणि कोपराखालून उजवा हात काढावा लागेल असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. परवा प्रयोगशाळेत एकाच सकाळी दोन बाटल्या फोडल्या. प्रयोगशाळेच्या प्रमुख, मोठ्या बाई, त्यांनी झाडू स्वतः आणून दिला.

माझं काम तुला कधी नीट सांगितलं नाही, कारण मी सुरू केलं की तू जांभया देतोस. आता देऊ नकोस. आपल्या प्रत्येक पेशीत एक राखणदार प्रथिन असतं. पेशी बिघडली की ते तिला वाढू देत नाही, फारच बिघडली तर मारून टाकतं. निम्म्याअधिक कॅन्सरांमध्ये हा राखणदारच बिघडलेला असतो. त्याची घडी उसवते आणि तो कोलमडून पडतो. असतो जागेवरच, पण कामाचा राहत नाही. आम्ही असं छोटंसं रसायन शोधतोय, जे त्याला धरून पुन्हा उभं करील. चाळीस रसायनं फुकट गेली. एक्केचाळीस नंबरचं टाकल्यावर डिसेंबरात थाळीतल्या कॅन्सरच्या पेशी पटापट मेल्या. निरोगी पेशींना काही झालं नाही.

आता खरी गोष्ट. तुझ्या रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर राखणदाराचा बिघाड कोणता ते लिहिलं आहे. वहिनीकडून मी ती ओळ दोनदा वाचून घेतली. अगदी तोच बिघाड आहे, ज्यावर आम्ही काम करतो.

हे बाहेर कुणाला सांगायचं नाही असं बाईंनी बजावलं आहे आणि मी तुला सांगून बसले. ऑपरेशन दोन फेब्रुवारीला आहे ते होऊ दे. पण कोण जाणे, एक्केचाळीस लवकर बाहेर आलं तर कुणाचा हात कापायची वेळच येणार नाही.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो असाच राहू दे आणि गाठ दाबून बघत बसू नकोस.

तुझी,
मुंगी


१९ जानेवारी

चि. मुंगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा अक्षर लागावं म्हणून, दुसऱ्यांदा अर्थ लागावा म्हणून आणि तिसऱ्यांदा उगीच. जांभई एकही दिली नाही.

माझं म्हणशील तर हात दाखवून अवलक्षण झालं. मुरगळलं आहे म्हणून दाखवायला गेलो आणि डॉक्टर हातच मागायला लागले. पण काळजी करू नकोस. त्यांनी स्वतःच तारीख पुढे ढकलली आहे. त्यांना घाई नाही, तर मी कशाला करू.

दुकान चालू आहे. सध्या बाकावर एका औषधवाल्याचा काटा आहे, दोन पारड्यांचा, काचेच्या पेटीतला. दांडी ज्या धारेवर टेकते ती धार बोथट झाली आहे. नवी बसवायला उजवा अंगठा आणि दोन बोटं लागतात, शिवाय श्वास धरून ठेवावा लागतो. डाव्या हाताने मला चहाचा कप धड धरता येत नाही. तीस वर्षं ह्या गावातले काटे खरे ठेवले ते ह्या तीन बोटांनी. तू लहान होतीस तेव्हा साखरेचा एक दाणा पारड्यात टाकून काटा हलतो का बघायचीस आणि मग तो दाणा खायचीस, त्यावरून तर तुझं हे नाव पडलं.

आता धंद्याचं विचारतो. काटा ज्या वजनाने जुळवला त्याच वजनाने तपासला, तर तो होच म्हणणार. त्यात काट्याचा खरेपणा नाही. आम्ही दुसऱ्या कारखान्यातलं वजन आणून ठेवतो, मग कळतं. तसा तुमच्या एक्केचाळीसचा दुसरा घाणा काढलात का, वेगळ्या रीतीने केलेला? मोडता घालायला विचारत नाही. एकदा खात्री झाली म्हणजे तुम्हाला पुढची पावलं लवकर टाकता येतील. गोळी व्हायला साधारण किती महिने लागतात तेही लिही.

तब्येत सांभाळ, बाटल्या सांभाळ. आमच्यावर जीव आहे तो ठेव आणि उत्तर लवकर टाक.

तुझा,
दादा


२९ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तराजूवाल्याने मला प्रयोग शिकवावा हे जरा अतीच झालं. मी दोन दिवस फुरंगटून बसले होते. तिसऱ्या दिवशी बैठकीत तुझाच प्रश्न माझा म्हणून विचारला. बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाल्या की हे डिसेंबरातच व्हायला हवं होतं. आता आमच्या रसायनवाल्याने वेगळ्या मार्गाने नवी बॅच करायला घेतली आहे आणि तो माझ्याशी बोलत नाही. दोन आठवडे लागतील. त्याच्या मते हा सगळा उंटावरून शेळ्या हाकण्याचा प्रकार आहे.

गोळीचं म्हणशील तर महिने मोजू नकोस. आधी उंदीर, मग विषारी आहे का त्याच्या चाचण्या, मग थोडी माणसं, मग जास्त माणसं. सगळं सुरळीत झालं तरी आठ-दहा वर्षं. पी हळद आणि हो गोरी असं इथे काही होत नाही.

पण दादा, आज जुन्या बॅचने पुन्हा तोच निकाल आला. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर पेशी थाळीचा तळ सोडून गोळा झाल्या होत्या, मेलेल्या. मला नाचावंसं वाटलं. घरी आले तरी एका जागी बसवेना, म्हणून कपाट आवरलं, ते आवरून झाल्यावर पुन्हा आवरलं.

तारीख डॉक्टरांनी का ढकलली? अशा गाठीत कुणी थांबत नाही. नवी तारीख कोणती ते कळव.

वहिनीला माझी आठवण सांग. माया पातळ होऊ देऊ नकोस आणि उत्तरात गोलमाल नको.

तुझी,
मुंगी


७ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

तारीख कळली की कळवतो. गाठ आहे तेवढीच आहे, दुखत नाही.

एक विचारायचं आहे, ते सरळ विचारतो. तुझ्याजवळ बाटली आहे आणि माझ्याजवळ गाठ आहे. दहा वर्षं कुणासाठी थांबायचं? थोडं पाठवून दे. जे होईल ते माझ्या जबाबदारीवर, असा कागद मी लिहून देतो. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे तर माझ्या बहिणीच्या हातात अख्खी दोरी आहे. उंदरावर करायचं ते माझ्यावर कर. मी उंदरापेक्षा नीट बोलतो, कुठे काय होतंय ते तुला सांगू शकेन.

हसू नकोस. मी हसत नाही. हात गेला तर मी दुकानात बसून करू काय? तीस वर्षं लोक माझ्याकडे माझा हात बघूनच आले. मला भीती वाटते आहे. हे तुझ्या वहिनीला बोललेलो नाही, तुलाच लिहितो.

मनात राग धरू नकोस, काय ते ठरव.

तुझा,
दादा


१३ फेब्रुवारी

चि. मुंगी,
अनेक आशीर्वाद.

मी पत्र लिहिणाऱ्यांतली नाही हे तुला ठाऊक आहे. फळ्यावर गणितं लिहून हात दुखतो, घरी आल्यावर पेन नको होतो. पण आज मधल्या सुट्टीत शाळेच्या खोलीत बसून लिहिते आहे, कारण घरी लिहिता येणार नाही.

डॉक्टरांनी कुठलीही तारीख ढकललेली नाही. ह्यांनी ढकलली, एकदा नव्हे दोनदा. दोन फेब्रुवारीला मी पिशवी भरून दारात उभी होते आणि हे दुकान उघडून बसले. मला सांगितलं की बहिणीचं औषध येतंय. मग अकरा तारीख घेतली, तीही परवा रद्द केली. डॉक्टर चिडले आहेत. गाठ छातीत उतरली की हात कापूनही उपयोग नाही, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

गाठ आहे तेवढीच आहे असं ह्यांनी तुला लिहिलं असेल. महिन्यापूर्वी शर्टाच्या बाहीचं बटण लागत होतं, आता लागत नाही. मी बाही उसवून दिली. तेही बघून न बघितल्यासारखं करतात.

तुझं पहिलं पत्र खिशात असतं. घडीवर फाटलं म्हणून मागून कागद चिकटवला आहे. मी काढून वाचलं. ऑपरेशन होऊ दे असं तू लिहिलंस, पण त्याच्या पुढेच कोण जाणे म्हणून एक वाक्य लिहिलंस. त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आहे. ऑपरेशनच्या वाक्याखाली नाही.

मी तुला बोल लावत नाही. माणूस आपल्या सोयीचं तेवढंच वाचतो. पण रेघ पुसायची असेल तर ती तुलाच पुसावी लागेल, माझं इथे कुणी ऐकत नाही. चांगलं असेल तर चांगलं लिही, वाईट असेल तर वाईट, पण अर्धवट लिहू नकोस.

आपल्या दोघींत आहे ते असंच राहो. हे पत्र आल्याचं ह्यांना बोलू नकोस.

तुझी,
वहिनी


२१ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र उभ्याने वाचत असशील तर बस. दुकानात गिऱ्हाईक असेल तर जाऊ दे, मग वाच.

नवी बॅच गेल्या आठवड्याच्या सोमवारी आली. शुक्रवारी थाळ्या बघितल्या. कॅन्सरच्या पेशी जशाच्या तशा होत्या, उलट वाढल्या होत्या. माझंच काही चुकलं म्हणून पुन्हा केलं. बाई शेजारी उभ्या राहिल्या, रसायनवालाही आला. पुन्हा तेच. एक्केचाळीस नंबर काहीही करत नाही.

मग जुनी मोठी बॅच तपासायला दिली. तिच्या शेवटच्या पायरीत जस्ताची पूड वापरली होती आणि ती नीट धुतली गेली नव्हती. राखणदार प्रथिनाच्या पोटात जस्ताचा एक अणू असतो, त्यावर त्याची घडी उभी असते. तुझ्यासारख्या बिघाडात तोच सुटतो. थाळीत भरमसाट जस्त गेलं, राखणदार थोडा उभा राहिला, आणि पेशी मेल्या त्या बहुतेक जस्ताच्या विषानेच मेल्या. ह्याच बॅचने आता निरोगी पेशीही मरतात. डिसेंबरात त्या वाचल्या होत्या, कारण त्यांच्यावर आम्ही आधीची छोटी बॅच वापरली होती, जी स्वच्छ होती. एका पारड्यात एक माल आणि दुसऱ्यात दुसरा. तू दुकानात असं होऊ दिलं नसतंस. कुणी फसवलं नाही, आम्हीच आनंदात होतो म्हणून कुणी बाटलीवरचा आकडा बघितला नाही. त्या कुणीमध्ये मी पहिली.

तू दुसऱ्या वजनाचं विचारलं नसतंस तर हे आणखी वर्षभर चाललं असतं. तू घाईसाठी विचारलंस हे मला कळतं.

आता ऐक. मी तुला बाटली पाठवणार नव्हतेच, पण दोन दिवस मी ती पाठवायचा विचार केला, कुठल्या डब्यात घालायची इथपर्यंत. पाठवली असती तर मी तुला विष पाठवलं असतं. आणि जानेवारीत पहिल्या पत्रात मी कोण जाणे म्हणून जे वाक्य लिहिलं ते मी डोकं ठिकाणावर नसताना लिहिलं. ते खरं नव्हतं. तेव्हाही खरं नव्हतं, कारण आठ-दहा वर्षं लागतात हे मला तेव्हाही माहीत होतं. तू हात वाचवायला बघतोस आणि मी तुला वाचवायला बघितलं नाही, नुसतं बरं वाटेल असं लिहिलं.

औषध नाही, दादा. ह्या वर्षी नाही, तुझ्यासाठी नाही. हात काढून घे. ह्याच आठवड्यात तारीख घे. तू नाही घेतलीस तर मी गाडी पकडून येईन आणि दुकानाच्या दारात बसेन, गिऱ्हाईक आत येणार नाही असं बसेन.

क्षमा मागायला तोंड नाही, तरी मागते. लोभ उरला असेल तेवढा ठेव.

तुझी,
मुंगी


२७ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
आशीर्वाद.

तुझ्या पत्रावर तीन दिवस काही लिहिलं नाही. पहिल्या दिवशी तुझा राग आला. दुसऱ्या दिवशी औषधांच्या दुकानातून जस्ताच्या गोळ्या आणल्या. दुधाची तहान ताकावर, दुसरं काय. तुझ्या वहिनीने त्या डबीसकट कचऱ्यात टाकल्या. तरी तुला विचारतो, त्या गोळ्यांनी काही झालं असतं का? नसेल तर नाही असं एका शब्दात लिही, पुढे आणखी काही लिहू नकोस.

तिसऱ्या दिवशी औषधवाल्याच्या काट्याची धार बसवली. इतके दिवस मुद्दाम ठेवली होती. गाठीमुळे मनगट वळत नाही, दोनदा सटकली, तिसऱ्यांदा बसली. पारडी समोरासमोर आली, काटा मधे उभा राहिला. मी पेटीची काच लावली आणि बराच वेळ बघत बसलो. मग डॉक्टरांना फोन केला. पाच मार्च ठरली आहे. ही मी ढकलणार नाही.

मी तारखांबाबत तुझ्याशी खोटं बोललो. आठ वर्षांची होतीस तेव्हा खोटं बोललीस म्हणून तुझा कान पिळला होता मी. आता माझा पिळायला ये, पण पाच तारखेनंतर ये. आधी आलीस तर मी रडेन, आणि ते मला तुझ्यासमोर नको.

वाईट वाटून घेऊ नकोस असं लिहिणार होतो, पण वाटेलच. वाटून घे आणि कामाला लाग.

तुझा,
दादा


१५ मार्च

चि. मुंगी,
अनेक आशीर्वाद.

ऑपरेशनची जखम भरते आहे, हे घरी आले आहेत. तू गेल्यावर फोनवर सांगितलं तेवढं सगळं ठीक आहे, पण एक फोनवर सांगितलं नाही. छातीच्या तपासणीत डाव्या फुप्फुसात एक ठिपका दिसतो. जानेवारीत नव्हता. गाठीचाच आहे की आणखी कशाचा, ते आता सांगता येत नाही. जूनमध्ये पुन्हा बघायचं आहे. ह्यांना माहीत आहे. ह्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं की चहा मिळेल का.

दुसरं म्हणजे ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तुमच्या प्रयोगशाळेचा संमतीचा फॉर्म आला होता, काढलेल्या गाठीचा तुकडा संशोधनाला द्यायचा का म्हणून. डॉक्टर म्हणाले उद्या-परवा केलंत तरी चालेल, बायकोची सही चालेल. हे म्हणाले की आत्ता करतो, परवा कुठल्या हाताने करू. तीन पानं होती, प्रत्येक पानावर सही केली, सावकाश, एकसारखी.

तू आलीस, चार दिवस राहिलीस, बरं वाटलं. घर आता फार शांत आहे. येत राहा, एवढंच मागणं.

तुझी,
वहिनी


२ मे

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

जस्ताच्या गोळ्यांचं उत्तर तू एका शब्दात मागितलं होतंस. नाही.

दुकानात बसायला लागलास असं वहिनीने कळवलं. जुन्या काट्यांची तपासणी तू करतोस आणि पेच पिळायला ती बसते, हे वाचून मी हसले. गणिताच्या बाईंना पेचकस धरायला लावणारा तूच.

तुला एक सांगायचं आहे आणि ते दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. नमुन्यांवर नाव नसतं, नुसता आकडा असतो. पण तुझ्या गाठीच्या तुकड्याचा डबा कुठून आला हे इथे सगळ्यांना माहीत होतं. बाई म्हणाल्या की हे काम दुसऱ्याला देऊ. मी नको म्हटलं. सात आठवडे मी त्या पेशी सांभाळते आहे. रोज दाणापाणी, रोज ऊब. आधी रुसल्या होत्या, चिकटेनात. आता छान चिकटल्या आहेत, थाळी भरून जाते. सकाळी आले की कोट घालायच्या आधी त्या बघते.

गेल्या आठवड्यात त्यांच्यावर नवी रसायनं टाकली, बेचाळीसपासून साठपर्यंत. ह्या वेळी प्रत्येकाच्या दोन बॅचेस, दोन मार्गांनी केलेल्या, तुझ्या शिस्तीने. काल थाळ्या उघडल्या. एकाही रसायनाने काही झालं नव्हतं, सगळ्या पेशी जिवंत. आणि दादा, मला बरं वाटलं. एक क्षणभर खूप बरं वाटलं. तुझ्या हाताचं काहीतरी अजून जिवंत आहे असं वाटलं आणि मी सुटल्यासारखा श्वास घेतला. मग मी काय विचार केला ते लक्षात आलं आणि बाहेर जिन्यात जाऊन बसले.

जूनच्या तपासणीचे दिवस मी मोजते आहे. एकसष्ट नंबर दोन आठवड्यांनी सोमवारी टाकायचं आहे. मला ते टाकवेल की नाही कळत नाही. टाकताना हात आखडेल, थेंब कमी पडेल, अशी भीती वाटते. बाईंना सांगून काम सोडू का?

तू जे कर म्हणशील ते करीन. प्रेम असू दे.

तुझी,
मुंगी


१० मे

चि. मुंगीस,
आशीर्वाद.

डाव्या हाताने लिहितो आहे, दोन दिवस लागले. अक्षराला हसलीस तर चालेल.

काम सोडू नकोस.

माझा हात इथे नाही, तुझ्या थाळीतही नाही. तो गेला. थाळीत आहे ती गाठ. मुरगळलं म्हणून चार महिने आणि औषध येतंय म्हणून एक महिना, असे पाच महिने मी तिचे लाड केले. तू एक दिवसही करू नकोस. सोमवारी थेंब पूर्ण टाक.

दादा